‘काम बोलतं’ एवढ्यावर भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅम्पस मुलाखतींचा हंगाम आला की वर्तमानपत्रांत व्यक्तिमत्त्व विकासाच्या एकदिवसीय शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. एका दिवसात भीती घालवून देण्याचं आश्वासन त्यांत ठळक अक्षरांत असतं. सभागृहात दीडदोनशे मुलं उभी करून टाळ्या वाजवून घेतात, दोनचार जणांच्या हातात माइक देतात, संध्याकाळी प्रमाणपत्र मिळतं. सोमवारी तीच मुलं कारखान्यातल्या किंवा ऑफिसातल्या बैठकीत मान खाली घालून बसतात. असं का होतं आणि त्याऐवजी काय करता येतं, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच. आम्ही दोघं आहोत. एक समुपदेशनाच्या कामात, दुसरा यंत्रशाळेत नवी मुलं तयार करण्याच्या कामात.

स्टेजची भीती हा या दुखण्याचा एकच प्रकार, आणि तोही कमी नडणारा. नोकरीत स्टेजवर जायची पाळी वर्षातून एखाद्या वेळी येते. रोज नडतं ते वेगळंच. पाळी बदलताना बिघाडाचं कारण माहीत असूनही गप्प राहणं. व्हिडिओ कॉलवर कॅमेरा बंद ठेवणं. मेल फक्त साहेबांना न पाठवता सगळ्या गटाला पाठवायची तर बोट अडणं. आपण शोधलेल्या दुरुस्तीचा अहवाल दुसऱ्याच्या नावानं जाऊ देणं. दर सांगितल्यावर गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत स्वतःच ‘बघू की, कमी करू’ म्हणून टाकणं. लिंक्डइनवर खातं उघडून वर्षानुवर्षं फोटोसुद्धा न लावणं. या सगळ्यांच्या मुळाशी धास्ती एकच: मी दिसलो की लोक जोखणार, आणि त्यात मी कमी पडणार.

यावर आपल्याकडे तयार उत्तर आहे, ‘आपण काम करावं, काम बोलतं.’ बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आठदहा माणसांच्या शेडमध्ये ते खरंही असतं. मालक तुमच्या लेथशेजारून दिवसातून वीस वेळा जातो, कुणाचा जॉब (यंत्रावर घडवलेला भाग) मापात येतो हे त्याला न विचारता कळतं. पण हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रातल्या एखाद्या विमानभागांच्या कारखान्यात, किंवा ज्या कंपनीचा निर्णय घेणारा माणूस बंगळूरला, पुण्याला नाहीतर परदेशात बसतो तिथे, त्याला तुमचा जॉब दिसत नाही. त्याला दिसतो तुमचा मेल, तुमचा तक्ता आणि कॉलवरचा तुमचा आवाज. हे तिन्ही गप्प असतील तर कामही गप्पच राहतं.

सीमाभागातली माणसं मुळात भिडस्त आहेत असं कुणी म्हणू नये. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत रात्रभर हजारो लोकांसमोर वावरणारी मुलं आपलीच. कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांत धीटपणे कविता म्हणणारी माणसंही आपलीच. तिथे मंडळाचं, गावाचं नाव पाठीशी असतं. ऑफिसात आपलं एकट्याचं नाव पुढे करायचं असतं, आणि ‘पुढं पुढं करू नये’ हे लहानपणापासून कानीकपाळी पडलेलं असतं. त्यात तीन भाषांचा पेच. शाळा मराठी, सरकारी कागद कन्नड, कंपनीचा मेल इंग्रजी. पुण्याला गेलं की ‘करूलालो, येऊलालो’ ऐकून हसणारे भेटतात, बंगळूरला कन्नडचं लिंग-वचन चुकलं की हसणारे भेटतात. त्यामुळे पुष्कळांची भीती ‘मला विषय येत नाही’ ही नसते. तोंड उघडलं की गाव कळेल, माध्यम कळेल, ही असते. ती निराळी भीती आहे, म्हणून तिचा उपायही थोडा निराळा.

भीती टिकते कशी, ते आधी बघू. बैठकीत बोलायची वेळ आली की छाती धडधडते, घसा कोरडा पडतो, हात गार होतात. ‘उद्या सांगतो सर’ म्हटलं की दोन मिनिटांत सगळं शांत होतं. ती शांतता हेच भीतीचं खाद्य. टाळलं की बरं वाटतं एवढं मेंदू पक्कं लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी धडधड लवकर सुरू करतो. टाळण्याचे चोरटे प्रकारही असतात, त्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही: कागदावरून मान वर न काढता वाचणं, घाईघाईनं बोलून संपवणं, आरंभीच ‘माझं चुकलं तर माफ करा’ म्हणणं, सगळं भाषण शब्दन्‌शब्द पाठ करणं, शेजाऱ्याच्या कानात सांगून त्याच्याकडून बोलवून घेणं. यातला प्रत्येक आधार त्या वेळेपुरता वाचवतो. पण मग ‘वाचलो ते कागदामुळे’ असा हिशेब मनात बसतो, आणि बोललो म्हणून काही बिघडलं नाही हे शिकायचं राहून जातं. शिबिर फसतं तेही इथंच. दोनशे जणांच्या आरडाओरड्यात एकट्यानं दिसण्याची वेळ आलेलीच नसते.

दुसरी गोष्ट लक्षाची. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याला लाज वाटेल असं एका गायकाचं चित्र असलेला टीशर्ट घालून त्याला इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. चित्रातला माणूस निम्म्याजणांनी तरी ओळखला असेल असा घालणाऱ्याचा अंदाज. प्रत्यक्षात सुमारे पाव जणांनीच ओळखला होता. आपली घबराट समोरच्याला जितकी दिसते असं आपल्याला वाटतं तितकी ती दिसत नाही, हेही याच मंडळींनी दाखवलं. २००३ च्या त्यांच्या प्रयोगातला भाग तर फार कामाचा. भाषण करणाऱ्यांना बोलण्याआधी एवढंच समजावून सांगितलं, की तुमची धडधड बाहेर दिसत नसते. त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली, ऐकणाऱ्यांच्या मतेही. एवढी माहिती द्यायला कुठलंही शिबिर लागत नाही, म्हणून ती इथे छापून येऊ द्यावी.

आता उपाय. तो पायऱ्यांचा आहे, आणि पायऱ्या प्रत्येकानं आपल्या कामातून काढायच्या. खानापूर तालुक्यातून रोज येणारी, मराठी माध्यमात शिकलेली, यंत्रशाळेच्या तपासणी विभागातली मुलगी उदाहरणाला घेऊ. कोऱ्या कागदावर तिनं कामातले दिसण्याचे प्रसंग लिहावेत आणि प्रत्येकापुढे भीतीचा आकडा टाकावा, शून्य ते शंभर. पाळी बदलताना सुपरवायझरला एक प्रश्न विचारणं, २५. रोजचा तपासणी तक्ता स्वतःच्या नावासकट गटाला पाठवणं, ३५. सकाळच्या उभ्या बैठकीत एक मिनिट रिजेक्शन सांगणं, ५०. गिऱ्हाइकाच्या ऑडिटरला मापाची पद्धत दाखवणं, ६५. परदेशी गिऱ्हाइकाच्या कॉलवर कॅमेरा चालू ठेवून इंग्रजीत दोन मुद्दे मांडणं, ८०. आपल्याच जुन्या कॉलेजात जाऊन अर्धा तास बोलणं, ९५. सुरुवात २५ ते ३५ च्या दरम्यान करावी. त्याहून सोप्यातून काही शिकायला मिळत नाही, ८० वर थेट उडी मारली तर पहिल्याच आपटीला गडी वहीच बंद करतो.

एक पायरी आठवड्यातून दोनतीनदा व्हायला हवी. महिन्यातून एकदा केलेली पायरी दर वेळी नवीच वाटते. करण्याआधी वहीत एक ओळ लिहायची, काय होईल असं वाटतं आणि त्याची शक्यता किती टक्के: ‘सगळे हसतील, ७० टक्के.’ झाल्यावर दुसरी ओळ, प्रत्यक्षात काय झालं: ‘कुणी हसलं नाही, एकानं मायक्रॉनमधला आकडा पुन्हा विचारला.’ या दोन ओळींमधलं अंतर हेच औषध. बरं वाटलं का, हे मोजत बसू नये. धडधड असतानाही काम पार पडलं, एवढं पुरे. आकडा जवळजवळ निम्म्यावर आला, किंवा आकडा तोच राहूनही आपण अडेनासे झालो, की वरची पायरी घ्यावी. एखादा दिवस खरंच फसतो, जीभ अडखळते, कुणीतरी खवचट बोलतं. त्यानंतरच्या दोन दिवसांत तीच पायरी पुन्हा करायची. इथंच बहुतेक जण ‘जरा सावरू दे’ म्हणून आठपंधरा दिवस घालवतात, आणि मग खरंच मागे जातात. चोरटे आधारही एकेक करून सोडायचे: आधी पूर्ण लिहिलेल्या कागदाऐवजी पाच शब्दांचं टिपण, मग माफी मागणारं पहिलं वाक्य बाद, मग कॅमेरा चालू.

त्या एका मिनिटात बोलायचं काय? आकडा, कारण, केलेला उपाय आणि मागणी, या क्रमानं चार वाक्यं. फाउंड्रीतलं बोलणं असं असावं: ‘काल दुसऱ्या पाळीत ४८० पैकी १४ नग बाद झाले, त्यातले ११ ब्लोहोलचे. वाळूतला ओलावा साडेचार टक्क्यांवर गेला होता. तो साडेतीनवर आणला आणि मोल्डला व्हेंट वाढवले. आज दर तासाला ओलावा तपासायला एक माणूस हवा.’ झालं. यात स्वतःची बढाई कुठं आहे? तरीही हे कुणी शोधलं ते बसलेल्या प्रत्येकाला कळतं. आपल्या लिहिण्याबोलण्यात ‘करण्यात आलं’, ‘तपासलं गेलं’ याची फार सवय. त्यात करणारा गडप होतो. निर्णय आपला असेल तिथे ‘मी’ म्हणावं, मिळून केलं तिथे ‘आम्ही’ म्हणून सोबत्यांची नावं घ्यावीत. दुसऱ्याचं नाव नेमकेपणानं घेणारा माणूस स्वतःचं नाव घेतो तेव्हा कुणाला खटकत नाही.

पहिली दोन वाक्यं मात्र घोकून पक्की करावीत, मोठ्यानं, उभं राहून, आठदहा वेळा. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६५ साली मांडलेला सिद्धान्त असा, की माणसं बघत असली की मुरलेलं काम आणखी चांगलं होतं आणि कच्चं काम आणखी बिघडतं. म्हणून आरंभ मुरलेला हवा. तो निघाला की पुढचं टिपणावरून निभतं. सगळंच पाठ केलं तर एक शब्द निसटल्यावर पुढची साखळीच तुटते. इंग्रजीत मिनिटाला १२० ते १३० शब्द ही आरामाची गती, तेव्हा एका मिनिटासाठी ९० शब्दांवर लिहू नये, कारण उरलेली जागा श्वासाला आणि प्रश्नाला लागते. बोलण्याआधी दोन मिनिटं नाकानं चार मोजून श्वास आत घ्यावा आणि सहा मोजून बाहेर सोडावा. बाहेर सोडणं लांबलं की नाडी थोडी उतरते. पूर्ण शांत व्हायचा हट्ट नको. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ‘मी शांत आहे’ असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आलाय’ म्हणणाऱ्यांची भाषणं सरस ठरली. धडधड दोन्हीकडे तीच असते, फक्त नाव बदलायचं.

बारीकसारीक गोष्टींनीही पुष्कळ फरक पडतो. हात कापत असेल तर पूर्ण कागद धरू नये, त्याचं टोक हातापेक्षा जास्त थरथरतं. पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड धरावं किंवा कागद टेबलावर ठेवावा. माइक तोंडापासून चार बोटं, हनुवटीच्या किंचित खाली. फुंकू नये, टिचक्या मारू नयेत, आणि स्पीकरच्या पुढ्यात उभं राहू नये, नाहीतर तो किंचाळतो आणि आपल्याला वाटतं चूक आपलीच. एक वाक्य एका माणसाकडे बघून पूर्ण करावं, मग दुसऱ्याकडे वळावं. डोकं कोरं झालं तर शेवटचं वाक्य सावकाश पुन्हा म्हणावं, ऐकणाऱ्याला ते जोर देण्यासाठी वाटतं. व्हिडिओ कॉलला फोन पुस्तकांच्या थप्पीवर डोळ्यांच्या उंचीला ठेवावा, खिडकी समोर असावी, पाठीमागे नसावी. स्वतःचा चेहरा पडद्यावर दिसत राहतो ती चौकट लपवण्याची सोय असते, ती जरूर वापरावी. स्वतःकडे बघत बोलणारा माणूस विषयावर राहूच शकत नाही. आणि हेस्कॉमच्या विजेचा भरवसा धरू नये, मोबाइलचं हॉटस्पॉट आधीच चालवून बघावं. कॉल तुटला की अर्धं धैर्य जातं, म्हणून सांगतो.

भाषेच्या पेचावर: अस्खलित व्हायची वाट बघत बसलात तर निवृत्ती येईल. अडखळलं की वेळ मिळवून देणारी वाक्यं तेवढी मुखोद्गत असावीत. इंग्रजीत ‘कुड यू रिपीट द लास्ट पार्ट?’, ‘लेट मी फिनिश धिस पॉइंट’ आणि ‘आय विल चेक अँड कन्फर्म बाय फोर’. कन्नडमध्ये ‘इन्नोम्मे हेळ्री’ (पुन्हा एकदा सांगा), ‘स्वल्प निधान हेळ्री’ (जरा सावकाश सांगा), ‘ननगे कन्नड स्वल्प बरतद’ (मला कन्नड थोडं येतं). हे शेवटचं वाक्य सुरुवातीलाच हसतमुखानं म्हटलं तर समोरचा कारकून असो की अधिकारी, बहुतेक वेळा स्वतःहून सावकाश बोलतो. आम्हाला विचाराल तर सीमाभागातल्या मुलांनी तीन भाषा कामापुरत्या येतात हे अर्जात ठसठशीत लिहावं: बोलता येते, वाचता येते, मेल लिहिता येतो, ज्या भाषेत जेवढं खरं तेवढं. हुबळीपासून कोल्हापूरपर्यंत विक्री आणि सेवा बघणाऱ्या कंपनीला असा माणूस हवाच असतो. आपली मुलं मात्र ही गोष्ट अर्जाच्या तळाशी, छंदांच्या शेजारी टाकतात.

लिहून दिसणं हे बोलून दिसण्यापेक्षा सोपं, पण त्याला सातत्य लागतं. शुक्रवारी दुपारी वरिष्ठांना पाच ओळींचा मेल: काय संपलं, कोणता आकडा बदलला, कुणाची मदत झाली, काय अडलंय, सोमवारी काय घेणार. सहा ओळी झाल्या की कुणी वाचत नाही. वर्षअखेरीच्या मूल्यांकनाला हे पन्नासेक मेल म्हणजे आयता पुरावा. कामाचं श्रेय परस्पर पळवणाऱ्यांवरही भांडणापेक्षा हाच बरा इलाज, तारखेसह.

लिंक्डइनचं थोडं तपशिलानं सांगतो, कारण तिथे चुका फार होतात. प्रोफाइल सुधारायला बसण्याआधी, केलेले बदल ओळखीच्यांना कळवण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी. मग दहा वेळा खोडलं तरी कुणाला पत्ता लागत नाही, आणि निम्मी धास्ती तिथेच संपते. नावाखालच्या ओळीला २२० अक्षरांची मर्यादा आहे. तिथे ‘नोकरीच्या शोधात’ किंवा ‘मेहनती व प्रामाणिक’ लिहिणं म्हणजे जागा फुकट घालवणं. कोणतं यंत्र, कोणतं काम, किती वर्षं, एवढं लिहावं. फोटो साध्या भिंतीपुढे, दिवसाउजेडी, चेहऱ्यानं चौकटीचा निम्म्याहून थोडा जास्त भाग व्यापलेला. लग्नातला कापलेला फोटो नको. नोकरी शोधत असल्याचं फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल अशी सोय आहे, पण आपल्याच कंपनीला ते कळणार नाही याची पक्की हमी ती संस्थाही देत नाही, हे ध्यानात ठेवून ती वापरावी.

पहिला महिना स्वतः काही टाकूच नये. आपल्या धंद्यातल्या माणसांच्या मजकुराखाली आठवड्याला दोनदा दोन ओळींची माहिती घालावी. नुसतं ‘अभिनंदन’, ‘छान’ नको. दुसऱ्या महिन्यापासून पंधरा दिवसांत एक छोटं टिपण. ३००० अक्षरं चालतात म्हणून ती भरायची नसतात, हजारात भागतं. विषय जड नको. पातळ भिंतीचा अ‍ॅल्युमिनियमचा जॉब क्लॅम्प सोडल्यावर माप का सोडतो आणि शेवटच्या कापाआधी क्लॅम्प सैल करून पुन्हा हलका धरल्यानं काय साधतं, हे चार वाक्यांत लिहिलेलं पुण्यातला उत्पादनप्रमुख थांबून वाचेल. टाकल्यावर दर दहा मिनिटांनी पसंती मोजू नये आणि तासाभरात पुसू तर अजिबात नये. पुसणं हा टाळण्याचाच प्रकार, त्यानं पुढचं टिपण आणखी जड जातं. हल्ली एआयकडून गुळगुळीत इंग्रजी लिहून घेऊन टाकायची टूम आहे. मुलाखतीत त्यावर दुसरा प्रश्न आला की उघडं पडायला होतं. स्वतःचं मोडकंतोडकं बरं, व्याकरण तेवढं तपासून घ्यावं.

आणि एक इशारा. कारखान्यातला फोटो टाकताना गिऱ्हाइकाचं नाव, पार्ट नंबर, मागच्या फळ्यावर लावलेलं ड्रॉइंग, संगणकाचा पडदा, यातलं काहीही चौकटीत येता कामा नये. विमानभागांच्या कामात गुप्ततेच्या करारावर तुमच्याही सह्या असतात आणि एका फोटोनं नोकरी जाऊ शकते. शंका असेल तर वरिष्ठांना मेलवर विचारावं, तोंडी ‘हो’ पुढे कुणाला आठवत नाही. फोटोविना, रेघांच्या साध्या आकृतीनंही बहुतेक गोष्टी सांगता येतात.

एवढा खटाटोप कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी: समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिलं, की नोकरीसारखी नवी माहिती घट्ट नात्यांपेक्षा दूरच्या ओळखीतून जास्त येते. जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला असतं. २०२२ साली लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही नोकरी बदलायला मध्यम-सैल ओळखी सगळ्यांत उपयोगी ठरल्या. मामा, चुलते आणि गल्लीतले मित्र यांच्या पलीकडे आपलं काम कुणालाच माहीत नसणं, ही सीमाभागातल्या पुष्कळ हुशार कारागिरांची खरी अडचण आहे.

स्वतःचा धंदा असणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं. वडगाव-शहापुरातला विणकर असो, निपाणीतला फॅब्रिकेशनवाला असो की घरी कुंदा करून विकणारी बाई, त्यांच्यासाठी पहिली पायरी गूगलवरचं व्यवसायाचं मोफत पान. तिथे नाव पाटीवर आहे तेच लिहावं, ‘बेस्ट’, ‘स्वस्त’ अशी शेपटं जोडली की पान बंद पडण्याचा धोका. खातरजमेसाठी बहुधा व्हिडिओ मागतात, त्यात रस्ता, पाटी आणि आतली यंत्रं सलग एका चित्रणात दाखवावीत. तुकडे जोडलेले चालत नाहीत. वाईट अभिप्रायाला दोन ओळींत, न चिडता उत्तर द्यावं, कारण ते उत्तर पुढचं गिऱ्हाईक वाचणार असतं. दर सांगताना आकडा सांगून थांबावं. मनात पाच मोजावेत. त्या पाच सेकंदांत आपणच तोंड उघडलं की नफा गेला. याचाही सराव होतो, घरातल्या माणसाला गिऱ्हाईक करून.

बायकांच्या बाबतीत सगळी भीती मनाची म्हणून झटकून टाकता येत नाही. फोटो आणि नंबर बाहेर गेल्यावर रात्री-अपरात्री येणारे मेसेज ही खरी गोष्ट आहे, तिला पायऱ्यांचं औषध नाही, तिला बंदोबस्त लागतो. धंद्यासाठी वेगळं सिमकार्ड आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्यावं, वेळेबाहेरच्या मेसेजला आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवावं. गूगलच्या पानावर घरचा पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा परिसर दाखवता येतो. चेहरा दाखवायचा नसेल तर हात, भांडी, तयार माल दाखवावा. खाद्यपदार्थ असेल तर डब्यावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा नोंदणीचा) १४ आकडी क्रमांक असावा. विश्वास त्यानंही बसतो. बंदोबस्त झाल्यावर जी भीती उरते, तेवढ्यावरच पायऱ्या चढायच्या.

कारखानदार आणि साहेब लोकांनाही दोन शब्द. बैठकीच्या शेवटी ‘कुणाला काही विचारायचंय?’ म्हटलं की कुणीच बोलत नाही, आणि मग ‘आपल्या पोरांत इनिशिएटिव्ह नाही’ अशी तक्रार. विषय आदल्या दिवशी कळवा, कुणाला काय विचारणार तेही सांगून ठेवा, आणि सगळ्यांत नव्या माणसाला आधी बोलू द्या. साहेब आधी बोलले की बाकीच्यांना मान डोलावण्यापलीकडे काम उरत नाही. इंग्रजीची चूक चारचौघांत सुधारू नका. ती एक चूक सुधारते आणि दहा माणसं गप्प होतात.

काहींची भीती या सगळ्याच्या पलीकडे गेलेली असते. सहा महिने किंवा जास्त काळ ती टिकली आहे, तिच्यापायी मुलाखती, परीक्षा, बढत्या सोडून दिल्या जात आहेत, माणसांत जेवणंही नको वाटतंय, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर बोलण्याचे व औषधांचे चांगले उपचार आहेत. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आपल्यापासून दूर नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. मुलाखतीआधी मित्राच्या सांगण्यावरून छातीची धडधड थांबवणारी प्रोप्रॅनोलॉलची गोळी घेण्याचं फॅड मुलांत आहे. दमा असणाऱ्याला ती गोळी जिवावर बेतू शकते. डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्याशिवाय ती घेऊ नये. दारूच्या दोन घोटांचा आधार घेणाऱ्यांना वेगळं काय सांगायचं? तो आधार सुटायला भीतीपेक्षा जास्त वर्षं लागतात.

शेवटी दोन विनंत्या. गावोगावच्या वाचनालयांनी आणि युवक मंडळांनी आठवड्यातून एक तास, आठच माणसांसाठी, हा सराव सुरू करावा. खुर्च्या गोल मांडाव्यात, स्टेज नको. प्रत्येकानं आपल्या कामावर दोन मिनिटं बोलावं, त्यावर दोघांनी एकेक प्रश्न विचारावा, बस. क्रमांक, बक्षीस, परीक्षक यातलं काही नको, टीकाही नको. पहिले दोन महिने फक्त प्रश्न. आठांपेक्षा जास्त माणसं घेतली की पाळी लांबते आणि लाजरा माणूस पुन्हा मागच्या रांगेत जाऊन बसतो. नवव्याला दुसरा दिवस द्यावा. भाषा ज्याची त्यानं निवडावी, महिन्यातून एक बैठक मात्र सगळ्यांनी इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये करावी.

आपल्याला विनंती अशी, की आठवड्याच्या पुरवणीत दीडशे शब्दांची जागा कामकरी माणसांना द्यावी. मोल्डर, नर्स, वायरमन, बँकेतली कारकून, कुणीही, आपल्या कामातली एक अडचण आणि तिचा उपाय, स्वतःच्या नावानिशी. भाषा घासूनपुसून फार गुळगुळीत करू नये. पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. जागेअभावी कात्री लावावी लागली तर प्रयोगांची माहिती काढली तरी चालेल, पण दम्याच्या रुग्णांसाठीची ओळ आणि १४४१६ हा क्रमांक तेवढा राहू द्यावा.

आपले,
एक समुपदेशक व एक यंत्रशाळा प्रशिक्षक
टिळकवाडी, बेळगाव